विश्लेषण : प्रोग्रामिंगचे ‘जर-तर’ कापूस खरेदी केंद्रावर कसे शिकता येईल?

कापसाच्या सरकारी खरेदी केंद्रावर यंत्राने १२ टक्के ओलावा दाखवला तर गाडी आत जाते, १३ टक्के दाखवला तर परत फिरते. एसटीत ७४ वर्षांच्या आजोबांना अर्धे तिकीट लागते, ७५ पूर्ण झाले की काहीच लागत नाही. ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजनेत घरी ट्रॅक्टर असेल तर चालते, मोटार असेल तर चालत नाही. यातले बरेच निर्णय आता ॲप आणि पोर्टलच्या पोटात होतात. ते तिथे कसे होतात, हे कळायला प्रोग्रामिंगच्या तीनच गोष्टी पुरतात : स्थिरांक, तार्किक शब्द आणि अट. घाटंजीसारख्या तालुक्यातला विद्यार्थी त्या घरच्याच उदाहरणांवर कशा शिकू शकतो, याचा हा आढावा.

हे शिकायचे कशासाठी?

संगणक ‘वापरणे’ आणि संगणकाला ‘सांगणे’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ‘एमएस-सीआयटी’सारख्या अभ्यासक्रमांमुळे गावोगावच्या तरुणांना टंकलेखन, तक्ते, ईमेल यांची सवय झाली. पुढची पायरी प्रोग्रामिंगची. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये सहावीपासून मुलांना कोडिंगची ओळख करून द्यावी, असे म्हटले आहे.

अडचण अशी की, बहुतेक पुस्तकांतली उदाहरणे मुलांच्या जगातली नसतात. परदेशी चलन, मॉलमधली सवलत, विमानाचे तिकीट. घाटंजी तालुक्याचे अर्थकारण कापूस, सोयाबीन आणि तुरीवर चालते. इथल्या मुलाला हमीभाव, ओलावा, क्विंटल आणि कपात हे शब्द पाठ्यपुस्तक उघडण्याआधीच ठाऊक असतात. धडा तिथून सुरू केला तर निम्मे काम आधीच झालेले असते.

दुसरे कारण अधिक गंभीर आहे. शासकीय योजनांचे अर्ज आता ऑनलाइन छाननीतून जातात. निकषात कोण बसले आणि कोण बाहेर राहिले, हे एखाद्या ‘किंवा’वर किंवा एखाद्या ‘पेक्षा जास्त’वर ठरू शकते. असा नियम वाचता येणे ही केवळ नोकरीसाठीची कला राहिलेली नाही.

स्थिरांक म्हणजे काय?

प्रोग्राममध्ये दोन प्रकारच्या किमती असतात. काही दर वेळी बदलतात, त्यांना ‘चल’ म्हणतात. काही प्रोग्राम चालू असेपर्यंत तशाच राहतात, ते ‘स्थिरांक’ किंवा कॉन्स्टंट.

कापसाच्या केंद्रावर हा फरक डोळ्यांना दिसतो. प्रत्येक गाडीचे वजन वेगळे, प्रत्येक गाडीचा ओलावा वेगळा. हे चल. पण हमीभाव सगळ्यांना एकच. २०२५-२६ च्या हंगामासाठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये आणि मध्यम धाग्याचा ७,७१० रुपये ठरला. हा स्थिरांक. एका क्विंटलचे १०० किलो, हाही स्थिरांक.

इथे नवशिक्याला हमखास प्रश्न पडतो : हमीभाव तर दरवर्षी बदलतो, मग तो स्थिर कसा? उत्तर असे की, स्थिरांक म्हणजे ‘कधीच न बदलणारी’ गोष्ट नव्हे. प्रोग्राम चालू असताना तो बदलत नाही आणि बदलायचाच झाला तर माणूस तो एकाच ठिकाणी बदलतो, एवढाच त्याचा अर्थ.

हे ‘एकाच ठिकाणी’ फार महत्त्वाचे आहे. २०२४-२५ मध्ये लांब धाग्याचा हमीभाव ७,५२१ रुपये होता. पुढच्या हंगामात तो ५८९ रुपयांनी वाढला. समजा एखाद्या प्रोग्राममध्ये ७५२१ हा आकडा दहा जागी थेट लिहिलेला आहे आणि नवा भाव आल्यावर नऊच जागा दुरुस्त झाल्या. दहाव्या जागेवरून ज्याचा हिशेब निघेल, त्याला २० क्विंटलमागे ११,७८० रुपये कमी दिसतील. म्हणून आकडा विखरून ठेवायचा नाही. वरच्या ओळीत त्याला नाव द्यायचे आणि पुढे सगळीकडे ते नावच वापरायचे :

हमीभाव = ८११०
मूळ_ओलावा = ८
कमाल_ओलावा = १२

जावास्क्रिप्टमध्ये ‘कॉन्स्ट’ असे लिहून स्थिरांक जाहीर करता येतो. नंतर कोणी त्याला दुसरी किंमत देऊ पाहिली तर संगणक चूक दाखवतो. पायथॉन या भाषेत असे कुलूप नाही. तिथे स्थिरांकाचे नाव मोठ्या रोमन अक्षरांत लिहिण्याचा संकेत आहे, म्हणजे वाचणाऱ्याला ‘याला हात लावू नका’ हे कळते. देवनागरीत मोठी-लहान अक्षरे नसतात, त्यामुळे मराठीत नाव देताना ‘स्थिर_हमीभाव’ असे लिहिण्याची सवय लावून घेता येईल.

नाव खरेच मराठीत चालते का?

चालते. पायथॉनच्या तिसऱ्या पिढीत, म्हणजे २००८ पासून, चल आणि स्थिरांकांना देवनागरी नावे देता येतात. ‘इफ’, ‘एल्स’ असे मोजके राखीव शब्द मात्र इंग्रजीतच लिहावे लागतात आणि हिशेबातले अंक इंग्रजी कळफलकावरचेच लागतात. गंमत म्हणजे वापरणाऱ्याने माहिती भरताना ‘१२’ असे देवनागरीत टंकले, तरी पायथॉनची ‘इंट’ ही सोय त्याचा बारा हा आकडाच करून देते.

या लेखात समजायला सोपे जावे म्हणून राखीव शब्दही मराठीत दिले आहेत. ‘जर’ म्हणजे इफ, ‘नाहीतर जर’ म्हणजे एलिफ आणि ‘नाहीतर’ म्हणजे एल्स.

अट कशी लिहितात?

भारतीय कापूस महामंडळ, म्हणजेच सीसीआय, हमीभावाने कापूस घेते तेव्हा ८ टक्के ओलावा हा पाया धरला जातो. त्यापुढे १२ टक्क्यांपर्यंत प्रत्येक वाढीव टक्क्याला भावातून एक टक्का कपात होते. १२ टक्क्यांहून अधिक ओलावा असेल तर खरेदी होत नाही. कापसाची प्रत, धाग्याची लांबी आणि तलमता यांवरही भाव ठरतो. पण शिकण्यापुरता आपण फक्त ओलावा घेऊ.

हाच नियम प्रोग्रामच्या भाषेत असा होतो :

जर ओलावा > कमाल_ओलावा :
— ‘खरेदी नाही’ असे दाखव
नाहीतर जर ओलावा > मूळ_ओलावा :
— कपात = ओलावा − मूळ_ओलावा
— दर = हमीभाव × (१०० − कपात) ÷ १००
नाहीतर :
— दर = हमीभाव

पाच-सात ओळींत संपूर्ण नियम बसला. संगणक वरून खाली वाचत जातो. पहिली अट खरी निघाली की तिच्याखालचे काम करतो आणि बाकीच्या फांद्या सोडून देतो. खोटी निघाली तर पुढच्या अटीकडे जातो. कोणतीच खरी नसेल तर शेवटच्या ‘नाहीतर’खालचे काम होते.

हा प्रोग्राम चालवला की मिळणारे दर असे :

८ टक्के — ८,११० रुपये
९ टक्के — ८,०२८.९० रुपये
१० टक्के — ७,९४७.८० रुपये
११ टक्के — ७,८६६.७० रुपये
१२ टक्के — ७,७८५.६० रुपये
१३ टक्के — खरेदी नाही

२० क्विंटल कापूस असेल तर ८ आणि १२ टक्क्यांमधला फरक ६,४८८ रुपयांचा. वेचलेला कापूस दोन दिवस उन्हात पसरायचा की लगेच गाडीत भरायचा, हा प्रश्न आता आकड्यात मांडता येतो. विद्यार्थ्याने लिहिलेला पहिलाच प्रोग्राम घरात कामाला येतो.

अटींचा क्रम बदलला तर काय होते?

वरच्या प्रोग्राममध्ये १२ ची अट आधी आणि ८ ची नंतर आहे. समजा कोणी क्रम उलटा केला. आधी विचारले, ‘ओलावा ८ पेक्षा जास्त आहे का?’ आणि मग ‘१२ पेक्षा जास्त आहे का?’

आता १३ टक्क्यांची गाडी आली. १३ हे ८ पेक्षा जास्त आहेच, त्यामुळे पहिलीच अट खरी ठरली. पाच टक्के कपात होऊन ७,७०४.५० रुपये दर निघाला. १२ ची अट विचारायची वेळच आली नाही. जो कापूस नियमाने घ्यायचा नव्हता, तो या प्रोग्रामने घेतला. आणि संगणकाने कुठेही चूक दाखवली नाही, कारण व्याकरण बरोबर होते. चुकला होता तो विचार.

म्हणून शिकवताना एक साधा नियम सांगता येतो : ‘पेक्षा जास्त’ने सुरू होणाऱ्या अटी मोठ्या आकड्याकडून लहान आकड्याकडे लिहायच्या.

‘आणि’, ‘किंवा’, ‘नाही’ यांचा अर्थ काय?

एका अटीने काम भागत नाही तेव्हा अटी जोडाव्या लागतात. त्यासाठी तीन शब्द आहेत : अँड, ऑर आणि नॉट. मराठीत आणि, किंवा, नाही.

‘आणि’ने जोडलेल्या दोन्ही अटी खऱ्या असतील तरच उत्तर खरे. शेतातल्या मोटारीसारखे. वीज हवी आणि विहिरीत पाणीही हवे, दोन्हींपैकी एक नसेल तर पाटात पाणी येत नाही. ‘किंवा’त एक जरी अट खरी असली तरी उत्तर खरे. ‘नाही’ हा शब्द उत्तर उलटवतो, खऱ्याचे खोटे आणि खोट्याचे खरे.

यामागचे गणित इंग्रज गणिती जॉर्ज बूल यांनी १८४७ आणि १८५४ च्या ग्रंथांत मांडले. खरे-खोटे यांचाही बेरीज-गुणाकारासारखा हिशेब करता येतो, हे त्यांनी दाखवले. १९३७ मध्ये क्लॉड शॅनन या अमेरिकी विद्यार्थ्याने आपल्या प्रबंधात हेच गणित विजेच्या स्विचना लावले. आज खिशातल्या फोनमधली प्रत्येक चिप याच तत्त्वावर चालते. दोन बटणे एकामागे एक जोडली तर ‘आणि’, शेजारी-शेजारी जोडली तर ‘किंवा’. एक बल्ब, एक सेल आणि दोन बटणे घेऊन हे वर्गात दाखवता येते.

बोलण्यातले ‘आणि’ आणि प्रोग्राममधले ‘आणि’ वेगळे कसे?

नवशिक्यांची सर्वात मोठी गफलत इथे होते आणि ती इंग्रजीमुळे नव्हे, मातृभाषेमुळे होते.

लाडकी बहीण योजनेत विवाहित, विधवा, घटस्फोटित, परित्यक्ता आणि निराधार महिला तसेच कुटुंबातील एक अविवाहित महिला पात्र ठरतात. वाक्यात ‘आणि’ आहे म्हणून कोणी प्रोग्राममध्येही ‘आणि’ लिहिले, तर संगणक अशी महिला शोधू लागेल जी एकाच वेळी विवाहितही आहे, विधवाही आहे आणि घटस्फोटितही. अशी महिला सापडणारच नाही आणि सगळे अर्ज बाद होतील. बोलताना आपण प्रकारांची यादी सांगत असतो. प्रोग्रामला मात्र एका व्यक्तीबद्दल विचारायचे असते. म्हणून इथे ‘किंवा’ हवे.

उलट बाजूने ‘किंवा’ही फसवते. ‘चहा घेणार की कॉफी?’ यात दोन्हींपैकी एकच अपेक्षित असते. प्रोग्रामच्या ‘किंवा’ला दोन्ही खऱ्या असल्या तरी चालतात. रहिवासाच्या दाखल्याऐवजी १५ वर्षांपूर्वीचे रेशनकार्ड, मतदार ओळखपत्र, शाळा सोडल्याचा दाखला किंवा जन्म दाखला चालेल, अशी सोय योजनेत दिली गेली. एखाद्या महिलेकडे चारही कागद असतील तर ती बाद होत नाही. हे प्रोग्रामचे ‘किंवा’.

वयाची अट मात्र खऱ्या ‘आणि’ची आहे. वय २१ किंवा अधिक आणि ६५ किंवा कमी. हीच अट चुकून ‘किंवा’ने जोडली तर जगातले प्रत्येक वय पात्र ठरते. दहा वर्षांची मुलगी ६५ पेक्षा लहान आहेच आणि नव्वदीची आजी २१ पेक्षा मोठी आहेच.

स्थिरांकाचा धडाही याच योजनेत सापडतो. २८ जून २०२४ ला योजनेची घोषणा झाली तेव्हा वयाची वरची मर्यादा ६० होती आणि पाच एकर जमिनीची अटही होती. जुलैच्या सुरुवातीलाच मर्यादा ६५ झाली आणि जमिनीची अट निघाली. प्रोग्रामच्या नजरेने पाहिले तर एक स्थिरांक बदलला आणि एक ‘आणि’ कमी झाले.

ट्रॅक्टर वगळायचा कसा?

कुटुंबातील सदस्याच्या नावावर चारचाकी वाहन असेल तर या योजनेचा लाभ मिळत नाही, मात्र त्यातून ट्रॅक्टर वगळला आहे. ही अट नवशिक्याला लिहायला दिली की बहुतेकांचे पहिले उत्तर असे येते :

जर ट्रॅक्टर आहे : पात्र

हे चुकीचे आहे. एका घरी ट्रॅक्टरही आहे आणि मोटारही. नियमाप्रमाणे हे घर अपात्र, वरच्या ओळीप्रमाणे मात्र पात्र. ट्रॅक्टर असणे हे पात्रतेचे कारण नाही, ते फक्त अपात्रतेचे कारण नाही. या दोन वाक्यांतला फरक म्हणजेच ‘नाही’ या शब्दाचा धडा. बरोबर मांडणी प्रत्येक वाहनासाठी वेगळी विचारते :

जर वाहन चारचाकी आहे आणि नाही (वाहन ट्रॅक्टर आहे) : अपात्र

कंसाच्या बाहेरचे ‘नाही’ आत कसे न्यायचे, याचा नियम ऑगस्टस डी मॉर्गन या गणितज्ञाच्या नावाने ओळखला जातो. त्यांचा जन्म १८०६ मध्ये मदुराईचा. नियम असा : ‘नाही (अ किंवा ब)’ म्हणजे ‘नाही अ आणि नाही ब’. शब्दांत सांगायचे तर, ‘घरात आयकर भरणारा किंवा सरकारी नोकर असे कोणीही नको’ म्हणजे ‘आयकर भरणारा नको आणि सरकारी नोकरही नको’. ‘नाही’ आत गेले की ‘किंवा’चे ‘आणि’ होते. शासन निर्णयातली ‘अपात्रता’ आणि ‘पात्रता’ ही दोन परिशिष्टे शेजारी ठेवून वाचताना हाच नियम कामाला येतो.

नवशिके हमखास कुठे चुकतात?

१. अर्धवट ‘किंवा’ : पिवळे किंवा केशरी रेशनकार्ड असेल तर उत्पन्नाचा दाखला लागत नाही. बोलताना आपण म्हणतो, ‘जर कार्ड पिवळे किंवा केशरी असेल’. पायथॉनमध्ये हे जसेच्या तसे, ‘कार्ड बरोबर पिवळे, किंवा केशरी’ असे लिहिले तर अट नेहमीच खरी ठरते. कारण ‘किंवा’नंतर नुसता ‘केशरी’ हा शब्द उरतो आणि पायथॉन कोणताही रिकामा नसलेला शब्द ‘खरा’ मानतो. पांढरे कार्डही सुटते. दोन्ही बाजू पूर्ण लिहायला हव्यात : कार्ड पिवळे आहे किंवा कार्ड केशरी आहे.

२. एक बरोबर, दोन बरोबर : बहुतेक भाषांत एक ‘=’ चिन्ह किंमत देते, दोन ‘==’ चिन्हे तुलना करतात. ‘ओलावा = १२’ म्हणजे ओलावा बारा कर. ‘ओलावा == १२’ म्हणजे ओलावा बारा आहे का? पायथॉन अटीत एकच चिन्ह दिसले की चूक दाखवतो. सी भाषेत मात्र तो प्रोग्राम निमूट चालतो आणि चुकीचे उत्तर देतो.

३. सीमारेषा : ‘१२ पेक्षा जास्त’ आणि ‘१२ किंवा जास्त’ यांत एका ‘=’चा फरक आहे. पण बरोबर १२ टक्क्यांवर उभ्या असलेल्या गाडीसाठी तो पूर्ण गाडीचा फरक आहे. कुटुंबाचे उत्पन्न अडीच लाखांपेक्षा अधिक नसावे, अशी अट असेल तर बरोबर अडीच लाखवाला आत आहे.

४. एकत्र तुलना : गणितात आपण ‘२१ ≤ वय ≤ ६५’ असे लिहितो. पायथॉनला ते समजते. सी भाषेत तेच लिहिले तर आधी ‘२१ ≤ वय’चे उत्तर ० किंवा १ येते आणि मग ते ६५ शी ताडले जाते. ० आणि १ दोन्ही ६५ पेक्षा लहान, त्यामुळे अट कायम खरी.

५. कंस न देणे : ‘आणि’, ‘किंवा’ एकाच ओळीत आले तर आधी ‘आणि’ सोडवले जाते, जसा बेरजेआधी गुणाकार. ‘पिवळे कार्ड किंवा केशरी कार्ड आणि रहिवासी’ याचा अर्थ संगणक ‘पिवळे कार्ड किंवा (केशरी कार्ड आणि रहिवासी)’ असा घेतो. म्हणजे पिवळे कार्ड असलेल्याला रहिवासाची अट लागतच नाही. कंस दिला की वाद मिटतो.

एसटीत आजीचे तिकीट किती?

‘जर’ आणि ‘नाहीतर जर’ यांतला फरक शिकवायला एसटीइतके चांगले उदाहरण नाही. ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षे पूर्ण झालेल्या ज्येष्ठांना एसटीचा प्रवास मोफत आहे. ६५ ते ७५ वयोगटाला अर्धी सवलत आहे. मार्च २०२३ पासून सर्व महिलांनाही अर्धे तिकीट आहे.

समजा मूळ तिकीट १०० रुपये आहे. ७० वर्षांच्या आजी गाडीत बसल्या. नवशिक्याने दोन सुटे ‘जर’ लिहिले :

जर वय ≥ ६५ : तिकीट = तिकीट ÷ २
जर महिला : तिकीट = तिकीट ÷ २

पहिल्या ओळीने १०० चे ५० केले, दुसरीने ५० चे २५. आजींना पाव तिकीट लागले. प्रत्यक्षात त्यांना अर्धे लागते, कारण दोन सवलती एकावर एक मिळत नाहीत. सुटे ‘जर’ प्रत्येक वेळी तपासले जातात. ‘नाहीतर जर’ मात्र आधीची अट खोटी ठरली तरच तपासला जातो. बरोबर मांडणी अशी :

जर वय ≥ ७५ : तिकीट = ०
नाहीतर जर वय ≥ ६५ किंवा महिला : तिकीट = तिकीट ÷ २
नाहीतर : तिकीट पूर्ण

आता ८० वर्षांच्या आजी आल्या तर पहिल्याच ओळीत मोफत ठरतात. इथेही क्रम उलटा केला असता तर त्या महिला म्हणून अर्ध्या तिकिटात अडकल्या असत्या. मिळणारी मोठी सवलत लहान सवलतीने गिळली असती.

वर्गात सुरुवात कशी करावी?

संगणक लगेच उघडण्याची गरज नाही. पहिला तास कागद-पेन्सिलीचा असावा. एखाद्या योजनेचा किंवा सवलतीचा नियम फळ्यावर लिहावा. न बदलणाऱ्या आकड्यांखाली रेघ मारावी, ते स्थिरांक. माणसागणिक बदलणाऱ्या गोष्टींभोवती गोल काढावा, ते चल. ‘आणि’, ‘किंवा’, ‘वगळून’, ‘तसेच’, ‘यापैकी’ या शब्दांवर खूण करावी. यातले कोणते खरे ‘आणि’ आणि कोणते प्रत्यक्षात ‘किंवा’, यावर वर्गात वाद होऊ द्यावा. तो वाद हाच धडा आहे.

दुसऱ्या तासाला मुलेच प्रोग्राम होतात. एकाच्या हातात १२ ची अट, दुसऱ्याच्या हातात ८ ची. तिसरा विद्यार्थी ओलाव्याची चिठ्ठी घेऊन रांगेतून जातो आणि प्रत्येक जण फक्त आपली अट विचारतो. मग दोघांच्या जागा बदलायच्या आणि १३ ची चिठ्ठी पुन्हा पाठवायची. क्रमाची चूक एकदा अशी डोळ्यांनी पाहिली की विसरत नाही.

टंकायला तिसऱ्या तासाला बसावे. अँड्रॉइड फोनवर पायथॉन चालवणारी मोफत ॲप मिळतात आणि ब्राउझरमध्येही तो चालवता येतो. पायथॉनमध्ये अटीखालची ओळ थोडी आत सरकवून लिहावी लागते. ती सरकवणे ही सजावट नाही, कोणते काम कोणत्या अटीखाली आहे हे संगणकाला त्यावरूनच कळते. फोनच्या लहान पडद्यावर इथे बरेच जण अडखळतात, म्हणून सुरुवातीला ओळी लहान ठेवाव्यात.

प्रोग्राम बरोबर आहे हे कसे ओळखायचे?

चालला म्हणजे बरोबर, असे नाही. प्रत्येक सीमेवर तीन किमती टाकून पाहाव्यात : सीमेच्या आतली, नेमकी सीमेवरची आणि बाहेरची. कापसासाठी ७, ८, ९ आणि ११, १२, १३. वयासाठी २०, २१, २२ आणि ६४, ६५, ६६. उत्तर काय यायला हवे, ते आधी कागदावर लिहायचे आणि मगच प्रोग्राम चालवायचा. आधी चालवला तर आलेले उत्तरच बरोबर वाटू लागते.

मग अवघड प्रश्न टाकायचे. ओलावा साडेआठ टक्के असेल तर कपात अर्धा टक्का की एक? आकडा भरायचाच राहिला तर? रिकामी चौकट म्हणजे ‘शून्य’ नव्हे आणि ‘नाही’ही नव्हे. उत्पन्नाचा आकडा भरला नाही म्हणून ते शून्य धरले, तर कोणीही पात्र ठरेल. वाहनाची माहिती नाही म्हणून ‘वाहन आहे’ असे धरले, तर पात्र बाईचे पैसे थांबतील. अशा प्रश्नांची उत्तरे नियमात शोधायची असतात. प्रोग्राम लिहिणाऱ्याने ती मनाने ठरवायची नसतात.

मोठ्या प्रमाणावर असे घडते तेव्हा त्याची किंमत मोठी असते. लाडकी बहीण योजनेत सुमारे २६ लाख लाभार्थी निकषांत बसत नसल्याचे आढळल्याने त्यांचा लाभ जून २०२५ पासून तात्पुरता थांबवल्याचे राज्याच्या महिला व बालविकास मंत्र्यांनी जुलै २०२५ मध्ये जाहीर केले. काही जण एकाहून अधिक योजनांचा लाभ घेत होते, काही कुटुंबांत दोनपेक्षा जास्त लाभार्थी होते, काही ठिकाणी पुरुषांनीही अर्ज केले होते. यातली प्रत्येक बाब म्हणजे एक ‘जर’ आहे. तो अर्ज भरतानाच विचारायचा की पैसे खात्यात गेल्यावर, यावर महिन्याच्या १,५०० रुपयांचा हिशेब बांधलेल्या घरांचे बरेच काही अवलंबून असते.

याचा घरी उपयोग काय?

२०२५-२६ च्या हंगामापासून हमीभावाने कापूस विकण्यासाठी ‘कपास किसान’ ॲपवर नोंदणी आली. आधार, सातबारा, पिकाची नोंद अशी माहिती भरावी लागते. अर्ज अडला की पडद्यावर एक ओळ दिसते आणि बहुतेक कास्तकार तिथेच थांबतात. ज्याला ‘जर-तर’ वाचता येते, तो पुढचा प्रश्न विचारू शकतो : माझी नेमकी कोणती अट खोटी ठरली? ती ‘आणि’ने जोडलेली होती की ‘किंवा’ने, म्हणजे दुसरा कागद देऊन भागेल का? मी सीमेच्या आत आहे की बाहेर?

हे प्रश्न विचारायला अभियंता असावे लागत नाही. दहावीतल्या मुलीला ते तीन तासांत शिकवता येतात. सरावासाठी एक प्रश्न : घरातल्या मागच्या हंगामाच्या कापसाच्या पावत्या काढा, वजन आणि ओलावा वरच्या प्रोग्रामला द्या आणि येणारा आकडा पावतीवरच्या आकड्याशी ताडून पाहा. जुळला तर प्रोग्राम बरोबर. जुळला नाही, तर आधी हमीभावाचा स्थिरांक त्याच हंगामाचा आहे का ते तपासा, मग प्रत आणि धाग्याची लांबी पाहा, आणि त्यानंतरही फरक उरला तर पावती घेऊन केंद्रावर जा.